जुन्या सुऱ्याचं पोलाद आणि साल कसं ओळखायचं : नवीन माणसांसाठी पायरी-पायरीनं

आमच्या आज्जाची ट्रंक उघडली तेव्हा तळाला, लष्करी कांबळ्याच्या घडीत गुंडाळलेला एक सुरा निघाला. आज्जा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, चाळीसच्या दशकात भरती झालेले, आणि त्या सुऱ्याबद्दल ते हयातीत कधी एक शब्द बोलले नव्हते. पात्यावर गंज, मूठ लाकडाची, म्यान कुणीतरी गावातल्या चांभाराकडून शिवून घेतलेलं. मी काय केलं, दुसऱ्याच दिवशी तो बफिंगला दिला. संध्याकाळी आरशासारखा चकचकीत होऊन परत आला, मी खुशीत मामांना दाखवायला गेलो, तर मामांनी तो उजेडात तिरका धरला, मुठीजवळची जागा अंगठ्यानं चाचपली आणि म्हणाले, "काय केलास हे? पुसायच्या आधी ह्याच्यावरचं वाचलास काय?" वाचलं नव्हतं. गंजाखाली जे छापलेलं होतं ते बफच्या चाकानं कायमचं खाल्लं, आज तिथं अर्धी फुली आणि एका आकड्याची शेपटी तेवढी उरलीय.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशिन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, पोलाद रोज हातात असतं, त्यामुळं नंतर हा नाद लागला तो लागलाच. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात फौजी घरं खूप, कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांचं सामान अजून कुठं कुठं निघतं, गोव्याच्या बाजारात परदेशी लोकांनी टाकलेल्या वस्तू मिळतात, म्हणून आपल्याकडं अशी पाती सापडायला वेळ लागत नाही. पण ती कशाची, कधीची हे सांगणारा माणूस सापडत नाही, आणि विकणारा तर प्रत्येक सुऱ्याला "ब्रिटिशकालीन" म्हणतो. तर मी ज्या क्रमानं चुकत शिकलो तो क्रम सरळ करून इथं देतोय. हे सगळं फक्त न दुमडणाऱ्या सुऱ्यांबद्दल आहे, खिशातल्या चाकूंची खुणांची पद्धत बऱ्याचदा वेगळी असते, ती इथं लावू नका.

आधी हे जवळ घ्या

दहापट मोठं दाखवणारं भिंग (सराफ वापरतात तसलं), लहान टॉर्च, नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च, स्टीलची पट्टी, जमलं तर व्हर्नियर, लोहचुंबक, मऊ पेन्सिल आणि पातळ कागद, मशिन ऑइल, जुनी सुती फडकी, एक वही. कागदपत्रांमध्ये खरेदीची पावती किंवा निदान विकणाऱ्याशी झालेलं बोलणं तारखेसकट लिहिलेलं, आणि सुरा घरातलाच असेल तर ज्यांचा होता त्यांच्या नोकरीच्या कागदांची झेरॉक्स, पेन्शनची पुस्तिका, डिस्चार्ज बुक, जुना युनिफॉर्ममधला फोटो, काय असेल ते. आज्जांच्या डिस्चार्ज बुकात सुऱ्याचा उल्लेख नाही, पण ते कुठल्या साली कुठं होते हे आहे.

१. पहिले आठ दिवस काहीही साफ करायचं नाही

हे मी सगळ्यात वर घातलंय कारण हिथंच सगळे मार खातात. सॅंडपेपर नाही, ब्रासो नाही, चिंच-मीठ नाही, बफिंग तर नाहीच नाही. फक्त मशिन ऑइलचा थेंब टाकून फडक्यानं टिपून घ्या, आणि तेल रात्रभर मुरू द्या, दुसऱ्या दिवशी वरची सुटलेली घाण आपोआप फडक्यावर येते. लाल भुकटीसारखा गंज सुटा असतो तो जाऊ दे, पण खालचा राखाडी-काळसर थर हा पोलादाचा स्वतःचा रंग झालेला असतो, तो काढला की वय सांगणारी अर्धी गोष्ट गेली आणि किंमतही गेली. फोटो काढा, दोन्ही बाजू, पाठ, मुठीचं बूड, म्यानाची शिवण, सगळं, पट्टी बाजूला ठेवून.

२. मोजा, आणि कायद्याचं तेवढं बघून घ्या

पात्याची लांबी, रुंदी, पाठीची जाडी लिहून ठेवा. हे ओळखायला तर लागतंच पण दुसरंही कारण आहे. शस्त्र कायदा १९५९ चा, आणि त्याखालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची तलवार, खंजीर, संगीन, खुकरी वगैरे वेगळ्या वर्गात येतात, घरकाम, शेती, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. तुमचं पातं त्या मापाच्या वर जात असेल तर घेण्याआधीच पोलीस ठाण्यात किंवा जाणत्या वकिलाला विचारा. आणि माप लहान असलं तरी गाडीच्या डिकीत टाकून फिरायची वस्तू नव्हे ही, कोगनोळी नाक्यावर निवडणुकीच्या दिवसांत गाडी उघडायला लावतात तेव्हा "कलेक्शनचा आहे" हे समजावत उभं राहायची वेळ आणू नका. पावती बरोबर, पातं गुंडाळून बांधलेलं, आणि कारणाशिवाय प्रवास नाही.

मूठ सांबराच्या किंवा चितळाच्या शिंगाची असेल, हस्तिदंताची असेल, तर १९७२ चा वन्यजीव कायदा मध्ये येतो, अशी वस्तू बाजारातून विकत घेऊ नका, विकणारा कितीही जुनी म्हणू दे. आणि १०० वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, ती देशाबाहेर पाठवायचा विचार मनातूनच काढून टाका.

३. खुणा शोधा

खुणा कुठं असतात? मूठ संपते आणि धार सुरू होते त्याच्यामधली सपाट जागा ही पहिली. मग मूठ आणि पात्याच्या मधल्या आडव्या पट्टीवर, म्हणजे गार्डवर, दोन्ही अंगांनी. मग मुठीच्या बुडाला. पात्याच्या पाठीवर. म्यानाच्या मागं, पट्ट्यात अडकवायच्या फासाच्या आत. लाकडी मुठीच्या खाली टँगवर, म्हणजे मुठीत शिरलेल्या पात्याच्या शेपटीवरही असतात, पण त्यासाठी मूठ उचकटायची नाही.

टॉर्च समोरून मारून काही दिसत नाही. खोलीत अंधार करा आणि टॉर्च पात्याला जवळजवळ चिकटवून आडवा धरा, उजेड घासत गेला की खड्ड्यांची सावली पडते आणि जे सपाट वाटत होतं तिथं अक्षरं उभी राहतात. मग हळूहळू पातं फिरवा. एकाच कोनात "आर" दिसतो, दुसऱ्या कोनात मुकुट. तरीही कळत नसेल तर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, शाळेत नाण्याचं छाप काढायचो तसं. आज्जांच्या सुऱ्यावर मी ह्याच पद्धतीनं ती अर्धी फुली शोधली, डोळ्यांना ती ओरखडा वाटत होती.

खूण कशी उमटवलीय हेही बघा. ठोकलेल्या खुणेच्या कडा जराशा उचललेल्या आणि खोली एकसारखी नसते. ॲसिडनं कोरलेली उथळ आणि खडबडीत असते. लेझरची भिंगाखाली भाजल्यासारखी, बारीक रेघांनी भरलेली दिसते. शंभर वर्षांचा म्हणून सांगितलेल्या सुऱ्यावर लेझरची खूण दिसली तर वस्तू खाली ठेवा आणि चहा पिऊन घरी या.

४. खुणा वाचा

एक नियम आधी पक्का करा. खूण तुम्हाला "ह्याच्या आधीचा नाही" हे सांगते, "ह्याच सालचा" हे क्वचित सांगते. जुने ठसे कारखाने वर्षानुवर्षं वापरत राहतात.

*देशाचं नाव.* अमेरिकेनं १८९० मध्ये कायदा केला आणि १८९१ पासून तिथं जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं आलं, म्हणून शेफील्ड किंवा सोलिंगेनच्या पुढं इंग्लंड, जर्मनी असं असेल तर बहुधा त्यानंतरचं. "वेस्ट जर्मनी" असेल तर १९४९ ते १९९० ह्या मधलं, हे फार उपयोगी आहे. "ऑक्युपाइड जपान" असेल तर १९४५ ते १९५२. सोलिंगेन हे गावाचं नाव १९३८ पासून जर्मन कायद्यानं राखलेलं आहे, पण आपल्या बाजारात ते कुणीही कशावरही छापतं, त्यामुळं नुसतं सोलिंगेन वाचून खूश व्हायचं नाही, शेजारी कारखान्याचं नाव किंवा चित्र पाहिजे.

*राजाची अक्षरं.* शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सच्या मालावर चांदणी आणि माल्टीज क्रॉस असतो, पत्ता ६ नॉरफोक स्ट्रीट असाही असतो. मुकुटाच्या दोन्ही अंगांना व्ही आणि आर असेल तर तो व्हिक्टोरिया राणीचा काळ, म्हणजे १९०१ पर्यंतचा ठसा. ई आर असेल तर एडवर्ड, १९०१ ते १९१०. जी आर असेल तर १९१० नंतर जॉर्ज. जॉर्ज दोन झाले, पाचवा १९३६ पर्यंत आणि सहावा १९५२ पर्यंत, त्यामुळं नुसत्या जी आर वरून पहिलं महायुद्ध की दुसरं हे ठरवू नका.

*रुंद बाण.* पक्ष्याच्या पावलासारखा तीन रेघांचा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण. बाणाबरोबर आय असेल तर भारत सरकारच्या खात्यातला. आर.एफ.आय. म्हणजे बंगालमधली ईशापूरची रायफल फॅक्टरी.

*१९०७ चा घोळ.* आपल्या भागात सगळ्यात जास्त लोक हिथं फसतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. ली-एनफिल्ड रायफलीच्या संगिनीवर मुकुट, जी आर, आणि खाली ठसठशीत १९०७ असतं. लोक लगेच म्हणतात १९०७ साली बनलेली. नाही. १९०७ हे नमुन्याचं साल आहे. बनल्याची तारीख त्याच्या खाली लहान आकड्यात असते, महिना आणि सालाचे शेवटचे दोन आकडे, म्हणजे १२ आणि १५ असं असेल तर डिसेंबर १९१५. त्याच बाजूला बनवणाऱ्याचं नाव, विल्किन्सन, सँडरसन, चॅपमन, व्हिकर्स, मोल असं काहीतरी. उलट्या बाजूला बाण, तपासनिसांचे बारीक ठसे आणि एक फुली. ती फुली म्हणजे पातं वाकवून तपासलं आणि पास झालं. माझ्याकडं उरलेली अर्धी फुली ती हीच.

*पोलादाचे शब्द.* "स्टेनलेस" हा शब्द पात्यावर असेल तर १९१३ च्या आधीचं असूच शकत नाही, कारण शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीनं ते पोलाद १९१३ मध्ये ओतलं. व्यवहारात पहिल्या महायुद्धानंतरचंच धरा. जर्मन मालावर त्यासाठी "रोस्टफ्राय" असतं, फ्रेंच-इटालियन मालावर "इनॉक्स". आणि "कास्ट स्टील" हा शब्द बघून आमच्या उद्यमबागेतली फाउंड्रीची माणसं हटकून चुकतात, म्हणतात ओतीव आहे, फेकून दे. अहो तसं नाही ते. शेफील्डला १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समननं मुशीत पोलाद वितळवायची पद्धत काढली, त्या मुशीतल्या पोलादाला कास्ट स्टील म्हणायचे, त्याची लगड ओतून मग ती घणाखाली घडवायची. म्हणजे ते उत्तम पोलाद होतं आणि ती मिरवायची गोष्ट होती. जर्मन पात्यावर "गुसश्टाल" लिहिलेलं असतं ते हेच.

*अमेरिकन माल.* गोव्याकडून येतो किंवा बाहेरदेशी असलेले नातेवाईक आणतात. बक कंपनीच्या पात्यांवर १९८६ पासून मॉडेल नंबरजवळ दरवर्षी वेगळं चिन्ह असतं, नंबरच्या शेजारी कंसासारखं, फुलीसारखं काही दिसलं तर ते ओरखडा समजून सोडू नका. त्यांचं पोलादही काळानुसार बदललंय, साधारण १९८१ पर्यंत ४४०-सी, मग ४२५ मॉडिफाइड, आणि १९९० च्या दशकापासून ४२०-एचसी, म्हणजे साल कळलं की पोलाद कळतं. वेस्टर्न कंपनीच्या पात्यावर १९७७ पासून एक अक्षर असतं, ए म्हणजे १९७७, पुढं क्रमानं. कॅमिलस आणि ओंटारियोचे वैमानिकांसाठीचे सुरे तर सगळ्यात सोपे, त्यांवर महिना आणि साल सरळ ठोकलेलं असतं. के-बार हे नाव अमेरिकन मरीनच्या ७ इंची सुऱ्याला सर्रास लावतात, तो नमुना १९४२ मध्ये घेतला गेला, पण युद्धात तो कॅमिलस, युनियन कटलरी, रोबसन, पाल अशा बऱ्याच जणांनी बनवला, म्हणून के-बार नाव नाही म्हणजे नकली असं समजू नका. जर्मन पुमाच्या पात्यावर एक बारीक गोल टिचका दिसतो, तो डाग नव्हे, कडकपणा मोजल्याची खूण आहे ती, आणि १९६४ पासून त्यांच्या मालावर साल काढता येईल असा नंबरही असतो.

५. खूणच नसेल तर बांधणी वाचा

माझ्यावर हीच वेळ आली. खूण बफनं गेली होती, मग मामांनी सांगितलं, पातं सोड, बाकीचं बघ. पात्याला दोन्ही बाजूंनी पन्हळ, म्हणजे लांब उथळ खोबण, होती आणि ती टोकापर्यंत येऊन अचानक कापल्यासारखी संपत होती. मुद्दाम घडवलेल्या सुऱ्यात कारागीर पन्हळ टोकाच्या आधी हळूहळू उथळ करत संपवतो. तोडल्यासारखी संपली म्हणजे लांब पातं कापून लहान केलंय. मुठीच्या बुडाला एक खाच आणि बाजूला दाबायचं बटण, हे सुऱ्याला कशाला लागेल? रायफलीवर बसायला. म्हणजे १७ इंची संगीन कापून ८ इंची सुरा केलेला. बुडाला एक आरपार भोक होतं, ते १९१६ पासून घालायला लागले. पण इथं पण जपून, जुन्या संगिनींना नंतर दुरुस्तीत भोकं पाडलीत, त्यामुळं भोक नसेल तर जुनी म्हणायला जागा आहे, भोक असेल तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. गार्डचा खालचा आकडा, म्हणजे ती वाकडी चोच, १९१३ मध्ये बंद झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्याकडं १७ इंचाची पाती कापून १२ इंचाच्या आसपास केली गेली, ते सरकारी काम असतं आणि नीटनेटकं असतं. माझं ८ इंची पातं त्या मापात बसत नाही, म्हणजे ते कापणं कुणीतरी खाजगीत केलेलं.

बाकी बांधणीतून काय कळतं ते थोडक्यात. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकाआधी नाही. डेलरिन ह्या प्लास्टिकची मूठ, म्हणजे शिंगासारखी दिसणारी पण सगळीकडं तीच नक्षी पुन्हा पुन्हा येणारी, १९६० च्या आधीची नाही. बेकेलाइट विसाव्या शतकातलंच. म्यानाची शिवण यूव्ही टॉर्चखाली निळी-पांढरी चमकली तर धागा नवा किंवा कृत्रिम असण्याचा संशय घ्या, मात्र घरी कुणी डिटर्जंटनं पुसलं असेल तर जुना सुती धागाही चमकतो. वस्तूतला सगळ्यात तरुण भाग तिचं वय ठरवतो, पण तो भाग मूळचाच आहे ना हे आधी बघायचं. मूठ बदललेली असली की मुठीची कड आणि धातूची कड जुळत नाही, नखाला पायरी लागते.

६. पोलाद ओळखा, हलक्या परीक्षेपासून सुरू करून

*डोळा.* कार्बन पोलाद वापरानं राखाडी, निळसर, काळपट होत जातं आणि गंज सगळीकडं पसरतो. स्टेनलेस पांढरट राहतं, गंजलं तरी टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्यांनी गंजतं. आपल्या आयांना हे पाठ आहे, कैरी चिरली की जुनी सुरी काळी पडते आणि नवी पडत नाही.

*चुंबक.* ह्यावर फार लोक विसंबतात आणि फसतात. "चुंबक चिकटला म्हणजे स्टेनलेस नाही" हे साफ चूक आहे. ताटवाटीचं स्टील चिकटत नाही किंवा जेमतेम चिकटतं, पण सुऱ्याचं स्टेनलेस, ४२०, ४४० वगैरे, हे कडक करता येणारं असतं आणि ते चुंबकाला झकास चिकटतं. उलट चुंबक अजिबात चिकटला नाही तर ते पातं शोभेचं आहे, त्याला पाणी देता येत नाही, म्हणजे तापवून-विझवून कडक करता येत नाही, आणि धार टिकत नाही.

*मोरचूद.* शेतकऱ्याच्या घरी असतंच. पाण्यात विरघळवून काडीनं एक बारीक थेंब, गार्डच्या अगदी कडेला लपलेल्या स्वच्छ जागी. कार्बन पोलादावर थोड्या वेळात तांब्याचा तांबूस थर धरतो. स्टेनलेसवर धरत नाही, पण १३ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असलेल्या हलक्या स्टेनलेसवर पुसट धरू शकतो, म्हणून पुसट आलं तर निकाल देऊ नका. लगेच धुऊन पुसून तेल लावा, मोरचूद विषारी आहे, स्वयंपाकाच्या सुरीवर करू नका आणि पोरांच्या हाती देऊ नका. खरी दुर्मीळ वस्तू असेल तर हेही करू नका.

*कानस.* चांगली नवी कानस टँगच्या किंवा पाठीच्या न दिसणाऱ्या जागी एकदाच हलकी फिरवा. घसरली, काचेवरून गेल्यासारखी, तर पातं कानशीइतकंच कडक. चावली तर मऊ. पण लक्षात घ्या, हे पोलादाचं नाव सांगत नाही, पाणी कसं दिलंय ते सांगतं. चांगल्या पोलादाला चुकीचं पाणी दिलं तर ते पत्र्यासारखं वागतं, आणि घरात आगीत पडलेलं पातं पाणी उतरून मऊ झालेलं असतं.

*ठिणगी.* ही फक्त तुटक्या, बिनकिमतीच्या पात्यावर शिकण्यासाठी करा, संग्रहातल्या वस्तूवर कधीच नाही. ग्राइंडरवर जास्त कार्बनचं पोलाद टेकवलं की पांढऱ्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात, फांद्याच फांद्या. साधं लोखंड लांब, पिवळसर, न फुटणाऱ्या रेघा देतं. स्टेनलेसच्या ठिणग्या आखूड, नारिंगी, कमी फुटणाऱ्या. गॉगल घाला. दिवाळीची फुलबाजी आणि पावसाची सर ह्यात जो फरक आहे तेवढा फरक दिसतो, एकदा बघितला की डोळ्यात बसतो.

*मशिन.* आपल्या बेळगावचा फायदा म्हणजे फाउंड्रींमुळं स्पेक्ट्रोची, म्हणजे पोलादात काय किती मिसळलंय ते मोजणाऱ्या मशिनची, सोय जवळ आहे. स्पेक्ट्रो कार्बनसकट सगळं सांगतं, पण त्याला घासलेली सपाट जागा लागते आणि हरभऱ्याएवढा जळका डाग राहतो. मोठ्या भंगार व्यापाऱ्यांकडं हातात धरायची एक्स-रे गन असते, ती डाग पाडत नाही, क्रोमियम, मॉलिब्डेनम, टंगस्टन बरोबर सांगते, पण कार्बन सांगू शकत नाही. म्हणून संग्रहाच्या वस्तूला गन, आणि मोडक्या तुकड्याला स्पेक्ट्रो. रिपोर्ट कसा वाचायचा? क्रोमियम १६ ते १८ आणि कार्बन १ च्या आसपास आला तर ४४०-सी. क्रोमियम १२ आणि कार्बन दीड, शिवाय मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम, तर डी-२. क्रोमियम १३ च्या जवळ आणि कार्बन अर्धा टक्का, तर ४२० च्या घरातलं. क्रोमियम जवळजवळ शून्य आणि कार्बन ०.९ ते १, तर १०९५ सारखं. त्यात अर्धा टक्का टंगस्टन निघालं तर ओ-१ असण्याची शक्यता. क्रोमियम दीड आणि कार्बन १, तर बेअरिंगचं ईएन-३१. सिलिकॉन दीड-दोन टक्के दिसलं तर ट्रकचा कमानपाटा, ईएन-४५, मग विकणारा त्याला काहीही म्हणू दे.

७. लोहाराचा सुरा आणि जौहरदार पातं

खेड्यातल्या लोहारानं, घिसाड्यांनी केलेले सुरे लोक कमी लेखतात, मला ते पटत नाही. कमानपाट्यापासून केलेल्या सुऱ्यावर कधी कधी पाट्याच्या मधल्या बोल्टाच्या भोकाची कड दिसते, कानशीपासून केलेल्यावर पाठीला कानशीच्या तिरप्या दातांच्या पुसट रेघा राहतात. अशी खूण दिसली तर ती जपा, घासून घालवू नका, लोहाराची सही समजा ती.

दुसरी टोकाची गोष्ट जौहरदार, म्हणजे अंगातच नक्षी असलेल्या, पोलादाची. कन्नडमध्ये पोलादाला उक्कु म्हणतात, आणि जगभर ज्याला वूट्झ म्हणतात तो शब्द ह्या उक्कुवरूनच आला असं मानतात. जुन्या कट्यारीवर, पेशकब्जावर पाण्याच्या लहरींसारखी बारीक नक्षी दिसते ती हीच. पण आज बाजारात "दमास्कस" नावानं जे मिळतं ते बहुतेक दोन पोलादांचे थर जोडून घडवलेलं नवं काम असतं, त्यात नक्षी मोठी, ठळक, लाकडाच्या रेषांसारखी असते. ते खोटं नव्हे, पण जुनं नव्हे. खरं खोटं म्हणजे साध्या पात्यावर ॲसिडनं काढलेली नक्षी. पाठीवर बघा, खरी नक्षी पाठीवरून वळून दुसऱ्या बाजूला जाते, काढलेली कडेला थांबते.

८. नोंद ठेवा, आणि पावसाळ्याच्या आधी म्यानातून काढा

चामड्याच्या म्यानात सुरा कायम ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं, आणि जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको, चार महिन्यांत पात्याला खड्डे पडतात आणि पितळेच्या गार्डवर हिरवं चढतं. मशिन ऑइलचा पातळ हात, वर मऊ सुती फडकं, म्यान शेजारी वेगळं. खोबरेल लावू नका, काही महिन्यांत चिकट होतं आणि धूळ धरतं.

वहीत प्रत्येक सुऱ्याला एक पान. दिसलेलं वेगळं लिहा, अंदाज वेगळा लिहा, आणि अंदाजाला कारण लिहा, म्हणजे पुढं दुसऱ्या कुणाला तपासता येईल. आज्जांच्या सुऱ्याचं पान असं आहे :

पातं ८ इंच, कार्बन पोलाद, बफ केलेलं. दोन्ही बाजूंना पन्हळ, टोकाशी तुटलेली. बुडाला खाच, बटण, भोक. उजव्या अंगाला अर्धी फुली. डाव्या अंगाला एका आकड्याची शेपटी, ७ ची असावी, खात्री नाही. अंदाज : १९०७ नमुन्याची संगीन कापून केलेला. कुणी कापली, कधी, माहीत नाही. म्यान गावात शिवलेलं, सुती धागा. मालक : आज्जा. खूण मी घालवली.